बॉल कुठं होता

२० सप्टेंबर १९८६, शनिवार

हारलो. नाही, हारवलं. अन् कोणी? घरच्याच माणसानं.

सॉफ्टबॉलचा शेवटचा डाव, दोघाईचे चार-चार रन. पांढुर्ण्याची पोट्टी तिसऱ्या बेसवरून होमकडे सुटली. डावीकडून आमच्या रेणुकेचा थ्रो आला, सरळ, छातीएवढा. वनिता क्याचर. तिनं बॉल घेतला, वाकली, पोट्टीले टेकवला. पोट्टी आउट. आमच्या शाळेच्या पोरी नाचूनच राहिल्या होत्या, अन् मागून अंपायरचा, म्हणजे आमच्या ह्यांचा आवाज. "ऑब्स्ट्रक्शन! रन दिला!"

खेळ खतम. पांढुर्णा जाईन छिंदवाड्याले, जिल्ह्यात. आम्ही घरी.

मी धावत गेली. म्हटलं, "सर, बॉल येऊन राहिला होता." मैदानावर मी यायले सरच म्हणते. तं म्हणते कसे, "बाई, लाइनच्या बाहेर व्हा." वा रे वा! सकाळी याच माणसाले मी चहा करून देल्ला होता.

स्वयंपाक केला नाही. सकाळच्या पोळ्या होत्या. खाल्ल्या असन तं खाल्ल्या.

२१ सप्टेंबर, रविवार

डोकं थंड करून लिहून राहिली.

क्याचरच्या हातात बॉल असला, नाहीतं हाताशी येऊनच राहिला असला, तं ती धावणारीच्या रस्त्यात उभी राहू शकते. बॉलचा पत्ता नसताना उभी राहिली, तं ते ऑब्स्ट्रक्शन. लहान लेकरालेही समजन. सारा फैसला एका गोष्टीवर, बॉल कुठं होता.

वनिता बोरगावची. बाप संत्र्याच्या बगीच्यात पाणी वळते, पोरगी सायकलनं शाळेत येते. कबड्डीतली पक्की. कबड्डीत अडवलं का शाबासकी, इथं अडवलं का गुन्हा. पहिले पहिले तं धावणारी दिसली का हिचे हात आपोआप पसरत. एकीले तं कंबर धरूनच बसवलं होतं तिनं होमवर! किती हसलो होतो. मंग वर्षभर मी एकच धडा देल्ला. बॉल येत नाही तोवर लाइन सोड, वनिते. लाइन सोड. लाइन सोड.

काल तिनं सोडली होती. मी पाह्यलं. बॉल आला तवा आली ती आत.

हे दिवसभर रेडिओजवळ.

२२ सप्टेंबर, सोमवार

गावात जिकडं तिकडं यायचीच आरती. पानठेल्यावाला मले ऐकवूनच म्हणे, "सर म्हणजे सर! बायकोलेही सोडलं नाही." अरे बाबा, सोडायचा काय विषय होता? पोट्टी आउट होती का नव्हती, ते विचार ना!

पण मले समजलं. म्याचच्या आधी पांढुर्ण्याचे लोक ओरडून राहिले होते, "बाईचा नवराच अंपायर, घरचाच पंच!" हे लालबुंद झाले होते तवाच. मंग घरच्यावरच दाखवलं, का पहा मी किती सच्चा. चोर सोडून संन्याशाले फाशी. इमानदारी यायची, भरपाई माह्या पोरीची.

अन् पांढुर्ण्याचेही काय म्हणावं! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत एकमेकाईले गोटे मारून डोके फोडून घेते, अन् इथं पोट्टी रस्त्यात आली म्हणून बोंबलते.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पांढुर्ण्याहून दोघं बसनं आले. शाल, नारळ. माह्याच घरात, माह्याच खुर्चीवर. मी पोहे केले. तिखट टाकलं जरासं जास्त. खाल्ले बिचाऱ्यांनी, पाणी पीत पीत.

जातान्या एक म्हणे, "वहिनी, मनावर घेऊ नका, खेळ आहे." मी म्हटलं, खेळच आहे ना, मंग शाल कायले?

यायनं शाल घडी करून पेटीत ठेवली. अंगावर घेतली नाही, एवढं खरं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज खरा घाव बसला.

जिल्ह्याची टीम हारलेल्या शाळेतूनही पोरी घेते. छिंदवाड्याले निवड बुधवारी, आठ तारखेले. पुढं भोपाळ. रेणुकेले बोलावलं. वनितेले नाही. मी बडी बाईले, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेले, विचारलं. त्या म्हणे, "वरून असं आलं का ते पोट्टी अडवते. रफ खेळते."

वनिता अकरावीत. शाळेचं शेवटचं वर्ष. पुढच्या साली कुठली निवड न् कुठलं काय.

तिले सांगतलं तं रडली नाही. ग्लोव्हची दोरी ओढत बसली. म्हणे, "बाई, तुमी सांगतलं तसंच केलं ना मी?"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणू?

अन् मजा पहा. आठ तारखेले अंपायर म्हणून कोणाले बोलावणं? आमच्या ह्यांना. आमच्या सौंसरातला पहिलाच माणूस. अंपायरिंगची पांढरी पँट धोब्याकडे गेली.

२७ सप्टेंबर, शनिवार

जामसांवलीले गेलो. शनिवारी हे चुकवत नाही. मी लूनावर मागं बसली.

दर्शन झालं. बाहेर झाडाखाली बसलो, प्रसाद हातात. मी म्हटलं, "मारुतीच्या दारात बसले आहा. खोटं बोलू नका. बॉल कुठं होता?"

नारळाचा तुकडा नुसता फिरवून राहिले होते हातात. मंग म्हणे, "मी बॉल पाह्यलाच नाही."

मले वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"बॉल नाही पाह्यला. मी वनितेकडं पाहून राहिलो होतो. ते अडवनच असं वाटलं. तिचा पाय हलला न् हात वर गेला माहा."

"अन् काहून वाटलं असं?"

तं म्हणते, "तूच तं सांगत होती वर्षभर. रोज जेवतानी. पोट्टी अडवते, पोट्टी धरते, सवय जात नाही."

प्रसाद तोंडात गेला नाही माह्या.

२८ सप्टेंबर, रविवार

खरं आहे. सांगत होती. कोणाले सांगू मंग? घरात दुसरं कोण आहे या खेळातलं समजणारं? सवय आहे असं सांगतलं ते आठवलं यायले. सवय गेली, हेही सांगतलं होतं, पोळ्याच्या आधी. तवा पेपर वाचून राहिले होते.

राग आता कोणावर करावा तेच समजत नाही. यायच्यावर करते, अन् अर्धा माह्यावरच येऊन पडते.

पण अंपायर कोण होता? मी का? मी हजार गोष्टी सांगन. डोळे तं तुमचे होते ना!

३० सप्टेंबर, मंगळवार

म्हटलं, छिंदवाड्याले निरोप धाडा. एवढंच, का पोट्टीचं चुकलं नव्हतं. बोलावतीन तिले.

हे म्हणे, "आठ तारखेले मलेच तिथं उभं राहायचं आहे. अंपायर एकदा म्हणाला चुकलो, का मंग कोणी त्याचा फैसला मानत नाही."

मी म्हटलं, "न पाहता देल्लेला मानायचा का मंग?"

उठून गेले. भाजी तशीच ताटात.

२ ऑक्टोबर, गुरुवार

गांधी जयंती. शाळेत झेंडा, भाषण. दुपारी बोरगाव. पंचायतीनं कबड्डी ठेवली होती, पोरींचीही. वनितेनं बोलावलं होतं मले. आपल्या खेळात तरी पहा म्हणे, बाई.

पाह्यलं. नसतं पाह्यलं तं बरं.

वनिता कोपऱ्यावर. समोरची पोट्टी शेवटच्या चढाईले आत आली, गुण घेतला, परत फिरली. वनितेच्या अगदी पुढून. नुसती कंबर धरायची होती. हात उठले तिचे. अन् थांबले. अन् ते बाजूले सरकली. पोट्टी निघून गेली पार.

सारं गाव ओरडलं, "अवं धर ना! काय झालं वं तुले?" बोरगाव घरच्याच मैदानावर हारलं.

तिची माय मले काही वाईट नाही बोलली. एवढंच म्हणे, "बाई, पह्यले इच्या हातून कोणी सुटत नव्हतं."

मंग मी वनितेले बाजूले घेतलं, हापशीजवळ. सांगून टाकलं. का तुहं चुकलं नव्हतं. बॉल येऊन राहिला होता, तू बरोबर होती. सरांनी बॉलच नाही पाह्यला, तेच म्हणे मले. मले वाटलं, पोट्टीचं मन हलकं होईन.

ते हापशीचं पाणी तोंडावर मारून राहिली होती. तोंड पुसलं. म्हणे, "मंग सगळ्याईसमोर सांगा ना, बाई. माह्यावर तं सगळ्याईसमोर लावलं."

परततानी बस भरून होती. उभीच आली मी.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

यायले सांगतलं. कबड्डीचं, हापशीचं, सारं. शब्द कमी-जास्त न करता.

पहिले भडकले. "घरातली गोष्ट त्या पोट्टीले काहून सांगतली?" घरातली! मैदानावर झालेली गोष्ट घरातली कवापासून झाली?

मंग बसले. म्हणे, "खरंच सोडून देल्लं तिनं? कोपऱ्यावरून?" हे स्वतः कबड्डी खेळलेले. कोपऱ्यावरून सुटणं म्हणजे काय, ते मी सांगायची गरज नाही.

मी म्हटलं, उद्या शनिवार, सकाळची शाळा. आमच्या प्रार्थनेत या. पोरींसमोर दोन वाक्यं बोला. बडी बाई तिथंच असते, त्याच छिंदवाड्याले निरोप देतीन. आठ तारीख अजून गेली नाही.

"अन् मंग आठले मले कोण उभं करन तिथं?"

करतीनही, नाहीही करतीन.

४ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

हे उठले, दाढी केली. चहा पेले. मी वेणी घालतानी म्हणे, "तू हो पुढं. मी येतो मागून."

अकरा वर्षं झाली लग्नाले. हे 'येतो' म्हणाले अन् आले नाही असे कितीक लग्नं, कितीक बारसे माह्या माहेरचे.

रात्रभर वाटत होतं, हे नाही आले तं मीच उभी राहीन, मीच सांगन. आता चप्पल घालून विचार करून राहिली तं ध्यानात आलं, माह्या तोंडून कोण ऐकते? गाव म्हणन, पहा, हारली म्हणून नवऱ्यावर उलटली. अन् वनितेचं नाव अजून एकदा चघळतीन. चूक यायनंच केली, मिटवू शकते तेही हेच एकटे. याचाच लई राग आहे.

वनिता लवकर येते शनिवारी. फाटकाशी सायकल लावून उभी असन.

यायची पांढरी पँट धोब्याकडून आली आहे, खाटेवर ठेवली आहे. घातली नाही अजून. निघते मी.