लाल पाणी आणि माझे मणी

३ मार्च
स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टी, आजपर्यंत: मधमाश्यांच्या सहा पेट्या. तळघराचा जिना (करकरतो, लाकडाचा दोष). सासूबाईंना वर चढवायची कप्पी, एकदाच वापरली; त्या हट्टी. आणि आता मणी पाडायचं यंत्र. चोवीस सुया, डेअरीतला जुना पंप. समुद्री शेवाळाच्या चिकात जीवाणू कालवायचे, थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचे. थेंब पडला की मणी. जीवाणू आत कैद, पाणी मात्र आतबाहेर, आणि पाण्यातला रंग ते खातात. हे जीवाणू मी वाउनच्या कापड-रंगाईच्या कारखान्यामागच्या चिखलातून स्वतः आणले. विद्यापीठात हे शिकायला पाच वर्षं लागतात. मला एक हिवाळा पुरला.

७ मार्च
वाउन बिसगोर हो म्हणाला. नाही म्हणून सांगतो कुणाला? ओढ्यात जाणाऱ्या सांडपाण्याचा लाल रंग जूनपर्यंत गेला नाही तर नगरपालिका कारखाना बंद करणार. म्हणाला, एगोन, कोपनहेगनचे सल्लागार नुसते रिपोर्ट देतात, तू निदान पाण्यात काहीतरी टाकतोयस. स्तुती म्हणून घेतली.
एकवीसला कारखान्यात प्रात्यक्षिक. जमलं की मोठी टाकी मीच बांधणार. शाळेतल्या देखभालीच्या नोकरीचा राजीनामा आजच दिला. बायकोला, रिग्मोरला, योग्य वेळी सांगीन.

१२ मार्च
नगरपालिकेची इंजिनिअर येऊन गेली. सिसेल. माझे बूट तिच्यापेक्षा जुने असतील. म्हणाली, मणी फार सुरेख झालेत, पण ते कॅल्शियमनं बांधलेले आहेत. कॅल्शियम ओढून घेणारं काही जवळ येऊ देऊ नका. बरं, म्हटलं. पदवीवाल्यांना उघड गोष्टी सांगायची भारी हौस.

१५ मार्च
घरी चाचणी. लाल पाणी चहाइतकं फिकं झालं! रिग्मोर बघायलाही आली नाही. राजीनाम्याचं तिला बेकरीत, मुख्याध्यापकाच्या बायकोकडून कळलं. म्हणाली, अरे, मधमाश्यांना तरी सांगितलंस का आधी? विज्ञानाशी संबंध नसलेलं बोलणं.

२० मार्च
काचेच्या नळकांड्यावर चुन्याचे पांढरे ओघळ. असल्या भांड्यात प्रात्यक्षिक? गावचं पाणीच इतकं जड की प्रत्येक घरात कॉफीमशीनला दरमहा लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, पाजावं लागतं. मीही पिशवीभर आणलं, नळकांडं काठोकाठ भरलं. काच आहे की नाही कळेना! दुसऱ्या कुणी नंतर साध्या पाण्यानं खळबळलं असतं आणि पुन्हा डाग पाडून घेतले असते. मी पाइपांत लिंबूफुलाचं पाणी तसंच राहू दिलं. मणी उद्या वरूनच ओतायचे. तपशील म्हणजे हेच.

२१ मार्च
प्रात्यक्षिक. लोणी-पाव आणि कॉफी वाउनकडून. त्याची मेहुणी बेनेडिक्टे नुसती पावासाठी आली होती.
सुरुवात उत्तम. मग मणी जरा मऊ झाले. मग शेंबूड. पंप तुंबला. वाउन म्हणाला, एगोन, पाणी आधी नुसतं लाल होतं, आता लाल आणि घट्ट झालं. लोक हसले. तोंडात पाव असताना हसणारे लोक.
सिसेलनं विचारलं, नळकांडं कशानं धुतलंत? म्हटलं, लिंबूफुलानं, कुठल्याही नीटनेटक्या घरात धुतात तसं. तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, तेच तर कॅल्शियम ओढून घेतं. मी म्हटलं, लिंबूफूल चुन्यासाठी असतं, मण्यांसाठी नव्हे. त्यावर ती कोट चढवू लागली.

२४ मार्च
वाउनचा फोन. कुठल्याशा जर्मन कंपनीचा फिल्टर घेतोय. म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस, आणि कारखान्यातला तो शेंबूड धुवायला कधी येतोस? शाळेलाही नवा माणूस मिळाला म्हणे. कीव येते दोघांची.

२८ मार्च
बेनेडिक्टेचा फोन. तिचा धंदा आज कळला: समुद्री शेवाळाची खोटी गाबोळी, म्हणजे माशाच्या अंड्यांसारखे मणी, ईस्टरच्या जेवणात उकडलेल्या अंड्यावर घालायला. म्हणाली, इतके एकसारखे मणी मी जन्मात पाहिले नाहीत, यंत्र घेऊन माझ्याकडेच ये. काळे आणि नारिंगी, दोनच रंग. जीवाणू मात्र घरी ठेव हं. म्हटलं, ओढा स्वच्छ करायला निघालेला माणूस खोटी गाबोळी पाडत नसतो. फोन ठेवला.
किती देणार होती, हे रिग्मोरनं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा फार हळू. काय नाकारलं याची नोंद असावी म्हणून लिहितो: कायमची नोकरी, महिना छत्तीस हजार क्रोनर.