टेपवरची टकटक

प्रिय गोगी,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, आत वाईट बातमी नाही. आमच्या विद्यापीठाच्या सभागृहातल्या नव्या हंगामाचं कार्यक्रमपत्रक आहे, तेही कच्चं. छापायला शुक्रवारी जायचंय. पत्र मात्र पक्कं आहे. तिसऱ्यांदा उतरवून काढलंय, हे एकही खाडाखोड नाही त्यावरून तू ओळखलं असशीलच. परवा चिमणी तालमीनंतर माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, मामा, एकवीस तारखेला आई यायची नाही. का, तर तू तिला म्हणालीस, मी पडले गोगलगाय, तुझा मामा मला दारातच उभी करील. लेक पहिल्यांदा सत्तर गळ्यांसमोर हात उचलून उभी राहणार आणि आई घरी बसणार, तेही माझ्या नावावर. हे मला चालणार नाही. अकरा वर्षं तू या सभागृहाची पायरी चढली नाहीस. लग्नाकार्यात आपण भेटतो, बाबांच्या शेवटच्या आजारपणात पाळ्या लावून उशाशी बसलो, पण सभागृहाचा विषय निघाला की तू उठून भांडी लावायला जातेस. पत्रापुढून उठून कुठे जाशील? वाच.

आधी पत्रक, कारण त्यात माझे कष्ट आहेत. तीन तारखेला लॉबीत चित्रकला विभागाचं प्रदर्शन. मुलांनी आतापासूनच चित्रं टांगली होती, मी सगळी उतरवून पुन्हा टांगली. एकाचाही मध्य डोळ्यांच्या रेषेत नव्हता. त्यांच्या प्राध्यापकांनी भुवया चढवल्या, मग स्वतः मोजपट्टी लावून पाहिली आणि मान डोलावली. नऊ तारखेला अभियांत्रिकीच्या मुलांचं नाटक. फिरता रंगमंच त्यांनी स्वतः बनवलाय. फिरतो झकास, थांबत मात्र नाही. मी त्याला लाकडाची पाचर करून दिली. सोळाला व्हायोलिनवाल्या बाई. बाई चार देशांत वाजवून आल्यात, पण मागच्या आठवड्यात जागा बघायला आल्या तेव्हा मंचावर कुठे उभं राहू हे त्यांनी विचारलं मला, संगीत विभागाच्या प्रमुखांना नाही. मी खडूनं फुली मारली. बाईंनी दोन पावलं पुढे जाऊन वाजवलं, दोन पावलं मागे येऊन वाजवलं, आणि निमूट फुलीवर येऊन उभ्या राहिल्या. आणि एकवीसला दोन कार्यक्रम आहेत. दुपारी चारला जुन्या टेप ऐकवायच्या आहेत, विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहातल्या. मी त्याला नाव दिलंय ‘या भिंतींनी ऐकलेलं’. समितीला दुसरं काहीतरी लांबलचक हवं होतं, पण लांबलचक नाव फलकावर दोन ओळींत मोडतं. आणि संध्याकाळी सहा वाजता, ठोक्याला, चिमणीचा समूह.

तो समूह तू बघायलाच हवास. विद्यापीठाचे आणि गावातले असे मिळून सत्तर जण. बेकरीवाला आहे, तो पहाटे तीनला उठतो म्हणून दुसऱ्या कडव्यापर्यंत जांभया देतो. निवृत्त पोस्टमन आहे. दोन दंतवैद्य शेजारी शेजारी उभे राहतात आणि गाणाऱ्यांचे दात मोजतात असा माझा संशय आहे. गणिताच्या एक प्राध्यापिका आहेत, त्यांना ताल मोजता येत नाही. चिमणीनं त्यांना भांडार विभागातल्या हमालाशेजारी उभं केलंय आणि सांगितलंय, हा बोट उचलेल तेव्हा तोंड उघडायचं. त्या बिचाऱ्या उघडतात. तुझी पोर कुणावर ओरडत नाही, पण सत्तर जण तिच्या नखाकडे बघत असतात. हे तिनं कुणाकडून घेतलं? माझ्याकडून नाही, मी ओरडतो. दवाखान्याच्या वॉर्डात नुसती नजर फिरवून सगळ्यांना गप्प करणारी एकच बाई आपल्या घरात आहे.

आता तू म्हणशील, दादा, फुशारकी पुरे. म्हण. मी इथे खुर्च्या मांडायला आलो होतो. दिवे कसे लावायचे ते माहितीपुस्तकं आणि शब्दकोश शेजारी ठेवून शिकलो, आवाज कुठे घुमतो ते टाळ्या वाजवत वाजवत. चारशे बारा खुर्च्यांपैकी प्रत्येकीत बसून ऐकलंय मी; सर्वांत चांगलं ‘घ’ रांगेतल्या नवव्या खुर्चीत ऐकू येतं, हे कुठल्याही डॉक्टरेटवाल्याला माहीत नव्हतं. आणि सत्तावीस वर्षांत तिसरी घंटा एकदाही उशिरा दिली नाही. तिसरी घंटा झाली की दार बंद, मग पहिलं गाणं संपेपर्यंत देवालाही आत सोडायचं नाही, हा नियम माझा. तू मला मिनिटदादा म्हणायला लागलीस ते यावरूनच. आणि मी तुला गोगलगाय म्हणायचो ते तू शाळेला निघताना दाराशी चपलेचा बंद शोधत बसायचीस म्हणून. त्याची झाली गोगी. नाव ठेवलं सहा वर्षांच्या पोरीला आणि चालवलं सत्तेचाळिशीपर्यंत.

तो दिवस तुला पाठ आहे, तरी माझ्या हातानं एकदा लिहून काढू दे. चिमणी चौदा वर्षांची, बालवृंदाचा सहाचा कार्यक्रम, पहिलंच गाणं तिचं एकटीचं. तू दुपारची पाळी अर्ध्यावर दुसरीच्या गळ्यात घालून, दोन बस बदलून, पायांत दवाखान्यातलेच पांढरे बूट घालून आलीस. दार बंद होतं. तू तीनदा टकटक केलीस. दाराला वाटोळी काच आहे, तिच्यातून मी बघितलं आणि लॉबीतल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. त्यात सहा वाजून अडीच मिनिटं झाली होती. तू मनगट वर केलंस. बाबांचं घड्याळ. सहाला दोन कमी. मला हसू आलं, गोगी. आज सांगतो, त्या हसण्यात जळफळाट होता. बाबा डेपोत उभं आयुष्य गाड्यांच्या वेळा लिहीत होते, घरात वेळेचं वेड मला, आणि घड्याळ दिलं तुला. तेव्हा मी मनात म्हटलं, बाईसारखंच घड्याळही मागे पडतंय. आणि काचेवरचा काळा पडदा ओढून घेतला. नियमाप्रमाणे दार बंद ठेवलं ते एक. पडदा ओढायला मात्र कुठलाच नियम सांगत नव्हता. गाणं संपल्यावर दार उघडलं तर तू पायरीवर बसलेली. ऐकलं मी, दारातून, एवढंच म्हणालीस आणि निघून गेलीस.

महिन्यापूर्वी ध्वनिसंग्रहाच्या बाईंनी मला बोलावलं. एकवीस तारखेसाठी त्या जुन्या टेप साफ करत होत्या. बाई कामाला पक्क्या, माझ्यासारख्याच तिरसट, म्हणून आमचं जमतं. त्या म्हणाल्या, बालवृंदाची टेप सुंदर आहे, मुलगी काय गायलीय, पण सुरुवातीला कसलीशी खटखट आहे आणि मध्येच ठोके पडतात. पुसून टाकू का, कुणाला कळणारही नाही. मी कानाला हेडफोन लावला. टेप तिसऱ्या घंटेपासून सुरू होते. निवेदन होतं, चिमणीचा आवाज लागतो. घंटेनंतर दोन मिनिटं दहा सेकंदांनी दारावर टकटक, तीनदा, हलकी. तू दार कधी बडवत नाहीस, कुणी झोपलं असेल अशा बेतानं वाजवतेस. आणि तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी, शेवटच्या कडव्याच्या आधी, विद्यापीठाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ ठोके देतं. बारीक ऐकू येतात, पण मोजता येतात. सहा. मायक्रोफोन मीच वर झरोक्याजवळ टांगला होता. खाली दाराशी मनोरा ऐकू येत नाही, तिथे येतो. मी टेप मागे नेली, पुन्हा मोजले. सहाच. बाई म्हणाल्या, काय झालं, चेहरा का उतरला? मी म्हटलं, काही पुसू नका.

मला तू ओळखतेस. मी लगेच मान्य केलं नाही. आधी म्हटलं मनोऱ्याचं घड्याळ मागे असेल. खगोल विभागात गेलो. ते घड्याळ तेच लावतात आणि रोजची नोंद ठेवतात. अकरा वर्षांपूर्वीची वही काढायला लावली. त्या तारखेपुढे लिहिलंय: दोन सेकंद पुढे. मग म्हटलं टेप वेगात फिरली असेल. बाईंनी तेही तपासून दिलं, टेप चोख. मग एकच गोष्ट तपासायची राहिली, ती म्हणजे मी. लॉबीतलं घड्याळ मी मुद्दाम चार मिनिटं पुढे ठेवत असे. मोठे पाहुणे रेंगाळतात, घड्याळ बघून जरा पाय उचलतील, ही माझी युक्ती, कुणाला न सांगितलेली. घंटा देताना मनात चार वजा करायचे. त्या दिवशी केले नाहीत. चिमणीचं पहिलं गाणं, मी दुपारपासून तीनदा दिवे बदललेले. ही सबब नाही, कारण आहे. टेपवर घंटेपासून ठोक्यांपर्यंत तीन मिनिटं चाळीस सेकंदंच भरतात; चार मिनिटांतली उरलेली वीस सेकंदं म्हणजे लॉबीतून घंटेच्या बटणापर्यंतची चाल. मी काल पुन्हा चालून बघितली. वीसच.

म्हणजे तू दारावर हात ठेवलास तेव्हा सहा वाजायला दीड मिनिट होतं. बाबांचं घड्याळही जवळपास तेच सांगत होतं. चार मिनिटं उशीर झाला की चारशे लोक मनगटाकडे बघतात, चार मिनिटं आधी सुरू झालं तर एकही बघत नाही, म्हणून माझी चूक अकरा वर्षं कुणाला सापडली नाही. आणि या अकरा वर्षांत मी काय केलं, तेही लिहितो. नवा माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी त्याला गोष्ट सांगायची: मी सख्ख्या बहिणीलाही आत सोडलं नाही, तर तुमच्या ओळखीच्यांचं काय घेऊन बसलात. अशी ती गोष्ट मी मोजून चौदा जणांना सांगितली. त्यातले नऊ अजून इथे आहेत. मागच्या सोमवारी त्यांना मंचावर ओळीनं उभं करून टेप ऐकवली आणि हिशेब समजावला. सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, म्हणजे साहेब, अकरा वर्षं तुम्हीच लेट? हमाल एवढा हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. जे पाच जण नोकरी सोडून गेले, त्यांना कार्डं टाकलीत. दोघांची उत्तरं आली. एकानं लिहिलंय, तुमची बहीण कशी आहे? ते कार्ड समोर ठेवूनच हे पत्र लिहिलंय.

आता पत्रकाचं शेवटचं पान उघड. एकवीस तारीख, दुपारी चार, टेप क्रमांक दोनशे सतरा. खाली मी बारीक अक्षरांत टीप घातलीय: “गाण्याच्या सुरुवातीला ऐकू येणारी दारावरची टकटक गायिकेच्या आईची आहे. त्या वेळेवर आल्या होत्या. दार लवकर बंद झालं होतं. सभागृह व्यवस्थापक.” ही ओळ छापायची की नाही, ते तू सांगायचं, म्हणून हे पत्र. तुला चारचौघांत आपली टकटक वाजायला नको असेल तर शुक्रवारच्या आत कळव, टेप कार्यक्रमातून काढून घेईन. पण टकटक पुसून टेप वाजवणार नाही, तेवढं मागू नकोस. काळा पडदा मी काढून टाकलाय, काच पुसून घेतलीय, आणि लॉबीतलं घड्याळ मनोऱ्याला मिळवलंय. ‘घ’ रांगेतल्या नवव्या खुर्चीवर त्या दिवशी कुणालाही बसू देणार नाही. रिकामी राहिली तर राहील. तू आलीस तर ते गाणं दारातून नव्हे, सरळ ऐकशील, आणि सहाला लेकीचा हात वर जाताना बघशील. तुझ्यासाठी कार्यक्रम मिनिटभरही थांबवीन असं मात्र समजू नकोस. तुला तशी गरज कधीच नव्हती. येताना बाबांचं घड्याळ चावी देऊन घालून ये आणि पाच मिनिटं आधी माझ्याजवळ बटणापाशी उभी राहा. तिसरी घंटा मी तुझ्या मनगटाकडे बघून देणार आहे.

तुझाच,
चार मिनिटं पुढे पळालेला,
दादा