पूजा झालेल्या खुर्च्या

प्रिय प्रांजली,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, घरी सगळे धडधाकट आहेत आणि मी भांडायलाही बसलेली नाही. फोनवर बोलायचं तर शरयू आजी-आजी करत तुझ्या हातातून फोन ओढून घेते, आणि ती बोलायला लागली की मला दुसरं काही सुचत नाही. म्हणून कागद घेतला. तुझा आणि माझ्या अभिरामचा घटस्फोट झाल्यापासून तुला काय म्हणून लिहावं तेच कळत नव्हतं, शेवटी नुसतं नाव लिहिलं. विषय साधाच आहे. संक्रांतीला शरयूनं मला फोनवर कुठल्याशा हॉटेलचा फोटो दाखवला होता. पांढऱ्या खुर्च्या, गोल टेबल, वर रंगीत छत्री. मे महिन्यात मी तिकडे आले की आपण तुमच्या गच्चीवर असंच बसून नाश्ता करायचा, असं तिनं फर्मान सोडलं. मागून तुझा आवाज आला, बघू. तू नाही म्हणाली नाहीस, माझं तेवढ्यावर भागलं. तिला इथून जाऊन दोन उन्हाळे झाले. खुर्च्या आणल्या तर ती येईल, असं माझ्या मनानं घेतलं. वेडेपणाच, पण म्हाताऱ्या माणसांना धरायला काहीतरी लागतं.

आधी दौलतगंजातल्या दुकानात जाऊन आले. तिथे लोखंडी घडीच्या खुर्च्या आणि लग्नमंडपातल्या प्लास्टिकच्या, बस. दुकानदार ओळखीचा, तो हसून म्हणाला, चाची, ऐसा माल यहाँ नहीं चलता, मई की लू में छत पे बैठेगा कौन? मी म्हटलं, पहाटे बसू, तुला काय करायचंय. मग घरी ह्यांनी मोबाइलवर शोधलं. हुबेहूब तसाच सेट सापडला आणि किंमतही आवाक्यातली, म्हणून आम्ही दोघं एकमेकांकडे असं बघत होतो जणू अख्ख्या लश्कर भागात आमच्याइतकं हुशार कुणी नाही. आलं काय, तर एक चपटं पुडकं. आत राखाडी रंगाचं भलंमोठं कापड. तो सेट नव्हताच, सेटवर पावसाळ्यात घालायचं कव्हर होतं. चित्रात खुर्च्या दिसत होत्या खऱ्या, पण विकत होते ते वरचं पांघरूण. ह्यांनी ते गच्चीभर पसरलं, मापं घेतली आणि म्हणाले, चला, आता झाकायला काहीतरी आणू. मी हसले. तेव्हा हसता येत होतं.

दुसऱ्या खेपेला खरोखरच्या खुर्च्या आल्या. पांढऱ्या, दोरीनं विणलेल्या, टेबलही होतं. तुला माझी सवय ठाऊक आहे. तुझी स्कूटर आली तेव्हा मी हँडलला हळदीकुंकू लावलं होतं आणि तू ओढणी सावरत बाजूला उभी होतीस. या घरात नवी वस्तू हळदीकुंकवाशिवाय वापरलेली नाही, मग शरयूच्या खुर्च्या कशा सोडीन? प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या, गुळाचा खडा ठेवला. मग ह्यांना म्हटलं, तुम्ही बसा आधी. हे बसले आणि दोरी सुटून थेट खाली गेले, बूड जमिनीवर, पाय आकाशाला. माझं हसू थांबेना. पण ह्यांना उठता येईना तेव्हा तोंडचं पाणी पळालं. कमरेत लचक भरली, बाकी काही नाही. मला मात्र त्या जागी शरयू दिसायला लागली. इथे तिला साधं खरचटलं तरी तू पुन्हा पाठवणार नाहीस, आणि त्यात तुझं काही चुकणारही नाही.

सेट परत न्यायला आलेला कंपनीचा माणूस चांगला पोक्त होता. हेल्मेट काखेत धरून त्यानं खुर्च्या फिरवून फिरवून पाहिल्या आणि हात जोडले. माताजी, इस पे तो पूजा हो गई, अब ये वापस नहीं जाएगी. कुंकवाचे डाग म्हणजे वापरलेला माल, असा त्यांचा नियम. मी ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर ते आणखी पसरलं आणि पांढऱ्या दोरीवर गुलाबी डाग उमटला. मी त्याला सांगत राहिले, अरे, दोरी तुटली ती पूजेनं नाही तुटली. तो मान डोलवत राहिला. त्याला माझं पटत होतं, पण करता काही येत नव्हतं. शेवटी मीच त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

मग ह्यांनी तक्रारीचं हत्यार उपसलं. आयुष्यभर सरकारी कचेरीत टिप्पण्या लिहिलेला माणूस, विषय, संदर्भ, महोदय, सगळं रीतसर लिहून कंपनीला मोबाइलवर पाठवलं. पलीकडून क्षणात उत्तर आलं, मी रिया, मी आपली काय मदत करू? हे खूश झाले. पोरगी चटपटीत आहे म्हणाले, आणि चि. रियास अनेक आशीर्वाद अशी सुरुवात करून सगळी हकीकत लिहिली. नातीचं नाव, तिचं वय, ती येणार आहे म्हणून घाई आहे, हेसुद्धा. रियानं लिहिलं, आपली समस्या सोडवली गेली आहे, कृपया गुण द्या. ह्यांनी पुन्हा लिहिलं. तिनं पुन्हा तेच. रिया म्हणजे यंत्र आहे हे मला कळलं होतं, पण ह्यांना सांगायचा धीर झाला नाही. तिसऱ्यांदा सेट मागवला तो आग्र्यापर्यंत आला. नकाशावरचा ठिपका आम्ही सकाळ-संध्याकाळ पाहत होतो. तिथून तो परत फिरला. का, ते कुणी कळवलं नाही, आणि विचारायचं कुणाला तेही कळलं नाही.

अभिरामला फोन केला तेव्हा तो गुरुग्रामला ऑफिसात होता. म्हणाला, आई, तू कशाला एवढं करतेस, छोड़ ना, वो लोग नहीं आएँगे. मी फोन ठेवला. वो लोग. माझी नात आणि तू. त्याला त्याच्या वाटणीचे भेटीचे दिवस मिळालेत, ते तो वापरत नाही. मी वापरू शकत नाही. कोर्टाचा कागद ह्यांनी चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचला. त्यात आई आहे, वडील आहेत, शाळेची सुट्टी आहे. आजी-आजोबा हा शब्द कुठेच नाही. आम्ही कुणाकडे काही मागू शकू असं एकही दार नाही, प्रांजली. फक्त तू आहेस, आणि तुझ्यावरही आमचा हक्क राहिलेला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. बाजारात मंदाताई भेटल्या, तुमच्या इंदूरच्या शेजारणीची बहीण. त्यांच्याकडून कळलं, जूनमध्ये तुझं लग्न आहे आणि मग तुम्ही तिघं मस्कतला जाणार. तू मला कळवलं नाहीस याचा राग नाही. कोणत्या तोंडानं कळवणार होतीस? माणूस चांगला आहे म्हणतात, शरयूला जीव लावतो म्हणतात. ऐकून बरं वाटलं आणि घरी येऊन मी रडले, दोन्ही खरं आहे. तिकडे शरयूला नवी आजी मिळेल. तिला तिनं आजीच म्हणावं, तू मध्ये पडू नकोस, लेकराला दोन घरांत ओढू नये. पण जायच्या आधी एकदा तिला घेऊन ये. सकाळी ये, संध्याकाळी जा. आजी म्हणायला अवघड वाटत असेल तर तिनं मला नुसतं इंदू म्हटलं तरी मी ओ देईन.

तुझीच,
इंदू