राखेचं पाणी

पोंभुर्णा, ५ ऑक्टोबर १९५७

चि. डोमा यास मुखरूचा आशीर्वाद. इकडील ठीक, तिकडील कळव.

बाबांच्या पायांची सूज उतरली. हृदय अधू झालं म्हणून तुझ्या नागपूरच्या डॉक्टरांनी मीठ तोडलं, तेव्हापासून ते जेवायला बसले की मला शिव्या देतात आणि तुझं पत्र आलं की हसतात. तू कॉलेजात बेडकांची काळजं तपासतोस, हे त्यांनी गावभर केलं आहे. मी बांधीतलं धान पुरातून वाचवलं, ते कुणाला सांगत नाहीत.

पण आता मी तोड काढली. तुझ्या वहिनीच्या माहेरी, धानोऱ्याकडे, मीठ नसलं की तिळाच्या काड्यांची राख पाण्यात भिजवतात आणि वरचं निवळ पाणी भाजीत घालतात. आठ दिवस तेच चालू आहे. बाबा बोटं चाटतात. काल म्हणाले, "मुखऱ्या, आता चव आली रे." दिवसभर पडून असतात, हातापायांत जोर नाही म्हणतात, पण जेवतात पोटभर. तुला हे जमलं नसतं.

तुझा भाऊ,
मुखरू


नागपूर, ९ ऑक्टोबर १९५७

ती. भाऊस डोमाचा सा. न. वि. वि.

राखेचं पाणी आधी बंद करा, मग पुढचं वाचा.

मिठात सोडियम असतं, राखेत पोटॅशियम. हृदयाच्या पेशीत पोटॅशियम आत जास्त, सोडियम बाहेर जास्त. ठोक्याच्या वेळी सोडियम आत शिरतं, पोटॅशियम बाहेर येतं आणि त्या येण्याजाण्यातून विजेची लहर उठते. मग पेशी दोघांना परत आपापल्या जागी धाडते. बाहेर पोटॅशियम वाढलं की थकलेल्या हृदयाला ही अदलाबदल झेपत नाही. त्यात बाबांची मूत्रपिंडंही थकलेली, जादा पोटॅशियम बाहेर टाकत नाहीत. बेडकाचं हृदय खारट पाण्यात मी तासन्‌तास चालतं ठेवतो. पोटॅशियम थोडं वाढलं की ठोके टिपणाऱ्या काजळीच्या कागदावरची रेघ ठेंगणी होते, मग सपाट. चांगलं हृदयसुद्धा थांबतं, भाऊ.

नाडी मोजा. चाळीसच्या खाली असेल तर मूलच्या स्टेशनावरून रेल्वेने चांद्याच्या दवाखान्यात न्या.

बाबा बोटं चाटतात हे वाचून मला आधी तुमचा हेवाच वाटला, काळजी मागून आली. माझ्या हातचं ते कधी जेवलेच नाहीत.

लोभातला,
डोमा


चांदा, २२ ऑक्टोबर १९५७

चि. डोमा यास आशीर्वाद.

बाबा वाचले. आज नाडी साठ आहे, उठून बसतात.

तुझं पत्र तेरा तारखेला आलं. तुझं पत्र दिसलं की बाबा ते दोनदा वाचून घेतात आणि मग दिवसभर तुझंच गुणगान चालतं. पोस्टमन आला तेव्हा ते झोपले होते. मी पाकीट कणगीमागे सरकवलं. थोडे दिवस तरी बाबा माझे असू देत, असं वाटलं. चार दिवस ठेवलं, डोमा. आणि चारही दिवस भाजीत तेच पाणी.

सतराला ते बसल्या जागी कोसळले. तुझ्या वहिनीने, मनकर्णाने, विचारलं, डोमाभाऊजींचं काही आलं का. तेव्हा पाकीट फोडलं. पहिली ओळ वाचून राखेच्या पाण्याचं मडकं अंगणात पालथं केलं. नाडी छत्तीस होती. तशीच गाडी जुंपली.

आता बाबा दवाखान्यात येईल त्याला सांगतात, "माह्या डोमानं नागपुराहून चिठ्ठी धाडली, अन् मुखऱ्यानं वाचल्याबरोबर गाडी जुपली. दोघायनं वाचवलं मले." जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझं नाव तुझ्या नावाशेजारी घेतलं. मी मान डोलावली. वाचल्याबरोबरच जुंपली होती.

त्यांना खरं सांगावं की नाही, ते तू कळव. मात्र उत्तर चार दिवस उशिरा धाड.

राग धरलास तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
मुखरू