‘दिसत नाही’ म्हणायचं होतं

लिंकन, नेब्रास्का
५ मे १९९७

ती. बाबांना लिओनाचा सा. न.

जे मी डोळ्यांनी पाहिलं, ते शनिवारी सगळ्यांसमोर का बोलले नाही? दोन दिवस स्वतःला विचारतेय. तुमच्याकडच्या फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

चार विमानं जवळजवळ उडवायच्या आपल्या सरावात व्हर्जिलकाका पुढे, तुम्ही त्यांच्या डावीकडे, रॉय उजवीकडे आणि मी सगळ्यांत मागे. पांगून पुन्हा एकत्र येताना तुम्ही फार वेगात आलात. उजवा पंख उचललात आणि त्यांच्या शेपटीखालून पलीकडे गेलात. मध्ये आपल्या कोठाराच्या दाराएवढीही जागा नव्हती. काका पुढे बघत होते, रॉय अजून लांब होता; दिसलं फक्त मला.

पुढचं विमान नजरेआड झालं की रेडिओवर ‘दिसत नाही’ म्हणायचं आणि बाहेर वळायचं, हे मला तुम्हीच शिकवलंत. तुम्ही म्हणाला नाहीत. उतरल्यावर प्रत्येकाने आपापली चूक सांगितली, तेव्हाही नाही. दुसऱ्याची चूक कुणी काढायची नाही, हा आपल्या चौघांचा रिवाज. म्हणून मीही बूट बघत उभी राहिले.

बाबा, काका तुम्हांला दिसत होते का?

माया आहे तशीच असू द्या.
तुमची लिओना

मिल्टन क्रीक
९ मे

चि. लिओनास अ. आ.

पत्र वाचून आधी डोकंच फिरलं. घरातली पहिली पदवीधर, विमानांच्या सुरक्षिततेवर चार वर्षं पुस्तकं वाचलीस, घे आता बापाची परीक्षा! तीस वर्षं मक्यावर विमानातून फवारणी केली, विजेच्या तारांखालून गेलो, कुठे ओरखडा नाही. लुडमिलाआत्या जॅम भरलेले गोड पाव, कोलाचे, घेऊन आली होती, तिच्याजवळ कुरकुरलो. ती म्हणाली, पोरगी तुझ्यावरच गेलीय, भोग आता.

खरं सांगतो. नाही दिसला. वाटलं, आत्ता दिसेल. जानेवारीत शिडीवरून पडलो तेव्हापासून मान उजवीकडे वळत नाही. डॉक्टरला सांगितलं की उडणं बंद. मग काय करू, स्वयंपाकघराच्या खिडकीतून धावपट्टी बघत बसू? तुझी आई गेल्यापासून त्या खोलीत मला दहा मिनिटं बसवत नाही.

महिनाअखेरीच्या सैनिक स्मृतिदिनाला आपण चौघं कबरस्तानावरून जातो, एवढी एक फेरी होऊ दे. रॉयशी जागा बदलून घेतो. डावीकडे मान झकास वळते. व्हर्जिलला बोलू नकोस. बोललीस तर तोंड दाखवू नकोस, असं लिहिणार होतो. पण ते मलाच जमायचं नाही.

जेवत जा वेळेवर. लोभ आटू देऊ नकोस.
तुझा बाप एमिल

लिंकन
२० मे

ती. बाबांना सा. न.

तुमचं ऐकलं मी. गप्प राहिले. परवाच्या सरावात जागा बदलल्यावर अर्धा तास सगळं इतकं सुरेख चाललं की मला माझ्या पत्राची लाज वाटू लागली. मग काकांनी बाजू बदलायची खूण केली. रॉय मागे सरला, तुम्ही काकांच्या खालून डावीकडे जाऊ लागलात, आणि अर्ध्यात तुमचं विमान वर चढू लागलं. काका आता तुमच्या उजव्या हाताला, तुम्हांला ते दिसत नव्हते. माझा अंगठा रेडिओच्या बटणावर होता. एक शब्द पुरे होता. तो मी उच्चारला नाही, कारण सगळ्यांनी ऐकला असता. काकांनी योगायोगाने नाक वर घेतलं, म्हणून आज आपण सगळे आहोत.

बोलले तर तुम्हांला त्या खोलीत कोंडते. गप्प राहिले तर काका कोणत्या फेरीत जातील याची वाट बघत मागे उडायचं. रात्रभर तिसरी वाट शोधली. नाही सापडली.

काल दुपारी गाडी काढून मिल्टन क्रीकला आले. आपलं फाटक आलं तेव्हा वेग कमी केला नाही. तुम्ही दिसला असतात तर माझा धीर सुटला असता. काकांच्या अंगणात उभ्या-उभ्या आधी माझी चूक सांगितली, मग तुमची. काकांनी हात पुसले. मग एवढंच म्हणाले, की एमिलने स्वतः सांगायला हवं होतं, आणि पोरी, तूही पंधरा दिवस आधी.

हे पत्र हाती पडेल तोवर ते तुमच्याकडे येऊन गेले असतील.

रागवा, पण तोडू नका.
तुमची लिओना