डेलला पहिला नंबर मी का दिला

प्रिय इंगाताई,

धाकट्या व्हर्नाचा नमस्कार पोचावा. तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हात तो मोकळा होईल असं तुझा डॉक्टर म्हणाला होता. झाला असेल तर कळव, नसेल तर डॉक्टर बदल. इकडे आयोवात सगळं ठीक आहे. मका पेरून झाला, चर्चच्या तळघरातली कॉफी अजून तशीच पाणचट आहे, आणि माझं ब्लडप्रेशर सोडलं तर माझी तब्येतही बरी म्हणायची.

तू माझा फोन उचलत नाहीस त्याचं कारण मला ठाऊक आहे. वर्तमानपत्राचं ते कात्रण तुला कोणीतरी पाठवलंय (या गावात दुधाआधी बातमी पोचते). ‘डेल यांचं भाषण सर्वोत्तम : परीक्षक व्हर्ना’ असं त्यात छापलंय, आणि शेजारी माझा फोटो, तोंड उघडं असलेला. आता रागावण्याआधी सगळं ऐकून घे.

आपल्या भागातली राज्य सिनेटची जागा रिकामी झाली. पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायला आधी पक्षातल्या पक्षात मतदान, आणि त्याआधी इच्छुकांचा जाहीर वादविवाद. पक्षाचा चिटणीस कर्टिस माझ्याकडे आला नि म्हणाला, तुम्ही जन्मभर शाळेत वक्तृत्व शिकवलंत, परीक्षक तुम्हीच व्हा. मी म्हटलं, अरे, डेल माझे भावजी (म्हणजे माजी भावजी, घटस्फोट तुझा झाला, तरी मला त्यांचा ‘हॅपी ख्रिसमस’ दरवर्षी ऐकावा लागतो). त्यावर कर्टिस म्हणाला, “बाई, या गावात कोण कुणाचा माजी नातेवाईक नाही? तुम्ही फक्त कसं बोलतात ते बघा. काय बोलतात ते लोक बघतील.” लोक काय बघतात हे मला माहीत असायला हवं होतं.

तर शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली, तिघे उभे राहिले. प्रश्न एकच होता, आणि तो सगळ्यांना आधीच माहीत होता : आपल्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला, आता बायकांनी जायचं कुठे? पहिला ट्रेंट, तो तरुण वकील. त्याने अर्धा वेळ सर्वांचे आभार मानले आणि उरलेल्या अर्ध्यात स्वतःच्या वेबसाइटचा पत्ता सांगितला. त्याचं एकही वाक्य चुकलं नाही, कारण एकही पूर्ण झालं नाही.

मग मार्लिस. ती त्याच विभागात नर्स होती. हातात टिपणाच्या चिठ्ठ्या होत्या, पण तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती म्हणाली, “मार्चमध्ये एक पोर शहराकडे जाताना रस्त्यातच, गाडीत बाळंत झाली. मी तिच्याबरोबर होते. ती वाचली.” आणि थांबली. पुढचं वाक्य सगळ्यांना कळलं, ते तिने म्हटलं नाही. माईक धरून ती तशीच उभी राहिली, घंटा होईपर्यंत. मागे कोणीतरी पॉपकॉर्न चावत होतं. माझ्या कागदावर ‘वेळेचा उपयोग’ असा एक रकाना होता, ताई, आणि त्यात मला काहीतरी लिहायचं होतं.

शेवटी डेल. इस्पितळाच्या मंडळात बसून तो विभाग बंद करायला ज्यांनी हात वर केला, तेच हे. पण त्याबद्दल चकार शब्द नाही. त्यांनी सांगितली तुमच्या लेकीच्या, ब्रिटाच्या जन्माची गोष्ट. हिमवादळ, रस्ता दिसत नाही, मागच्या सीटवर कण्हणारी बायको, आणि स्टिअरिंग धरलेले त्यांचे थरथरते हात. ताई, ते हात माझे होते! डेल त्या दिवशी गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे पकडत बसले होते. ते उगवले तेव्हा ब्रिटाला टोपडं घालून झालं होतं, आणि त्यांनी तुला आधी मासे दाखवले. हे सगळं मला माहीत. तरीही त्यांची गोष्ट पुलापाशी आली तेव्हा मी खुर्चीच्या कडेला सरकले, की आता गाडी पोचते की नाही! आवाज कुठे खाली न्यायचा, कुठे थांबायचं, सगळं अचूक. लोक डोळे पुसत होते. मीही पुसले, खोटं कशाला बोलू?

माझ्या हातात माईक आला तेव्हा खरं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण पहिल्याच रांगेत ब्रिटा बसली होती, रडत आणि टाळ्या वाजवत. पोरीचा बाप भर गावात तिच्या देखत कसा काढून घेऊ? मी एवढंच म्हटलं, “डेल यांचं भाषण सर्वोत्तम. निव्वळ गोष्टच होती ती.” लोक हसले. वर्तमानपत्राने दुसरं वाक्य गाळलं आणि डेलनी पहिलं प्रचारपत्रकावर छापलं. मार्लिस मला दुकानात भेटली, म्हणाली, “तुमचं बरोबर आहे बाई, मला बोलता येत नाही.” यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप.

तुझी,
व्हर्ना

ता. क. खरं काम पुढेच आहे. मतदान मंगळवारी आहे. त्याआधी ब्रिटाला फोन कर आणि गाडी कोण चालवत होतं ते सांग. गोष्ट तुझी आहे, मला सांगायचा अधिकार नाही. तिचं मत तरी वाचव.

पुन्हा ता. क. पत्र टाकायचं धैर्य होईना, त्यात मंगळवार उलटला. डेल जिंकले, दणदणीत. आज ब्रिटा रूबार्बची आंबटगोड पेस्ट्री घेऊन आली, तेव्हा न राहवून मीच तोंड उघडलं. ती म्हणाली, “मावशी, आईने मला शाळेत असतानाच सांगितलंय. मासेसुद्धा.” (म्हणजे तू तिला सांगितलंस, आणि तिला सांगितलंस हे मला सांगायचं तुला सुचलं नाही!) मग टाळ्या कसल्या वाजवत होतीस, असं मी विचारलं. पेस्ट्री कापता कापता ती म्हणाली, “मत मी मार्लिसलाच दिलं. पण बाबा माझ्यासाठी वादळातून आले, असं ऐकायला किती बरं वाटलं.”

यावर काय बोलायचं ते मला, वक्तृत्वाच्या शिक्षिकेला, सुचलं नाही. तुला सुचलं तर तिलाच फोन कर.