बसवलेल्या भावाची तक्रार

प्रति,
मा. विभागप्रमुख,
स्नायू व व्यायाम संशोधन विभाग,
मोठे रुग्णालय, मागची इमारत.

विषय : जुळ्या भावांवरील प्रयोगात अर्जदारास बसवून ठेवल्याबद्दल दाद मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या विभागातील नर्सबाईंनी अर्जदाराच्या मांडीची पट्टी बदलताना सहज केलेला खुलासा.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार व त्याचा थोरला भाऊ जुळे असून (थोरला काही मिनिटांनीच थोरला आहे, तोरा मात्र पिढीभराचा) दोघांचा काचा बसवण्याचा धंदा आहे. दुकानाच्या दर्शनी खिडकीची काच दोघांनी मिळून न्यावी लागते. पुढचा चालतो, मागच्याने त्याच्या पावलाला पाऊल जुळवायचे. पाऊल चुकले की काचेला पीळ बसतो आणि ती तडकते. हे पाऊल पक्के राहावे म्हणून दोघे लहानपणापासून रोज सकाळी कालव्याच्या कडेने बरोबरीने धावत. अर्जदारास व्यायामाचा सोस कधीच नव्हता. सोबतीचा होता.

२. खूप दिवस धावल्याने मांडीच्या स्नायूत, तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणाऱ्या संयोजी ऊतीत काय फरक पडतो, हे पाहण्यासाठी आपल्या विभागास जुळे हवे होते. एकाने भरपूर धावायचे, दुसऱ्याने मुळीच नाही. आधी आणि नंतर दोघांच्या मांडीतून सुईने तांदळाएवढा तुकडा काढायचा. कोणी बसायचे हे नाणे उडवून ठरणार होते. नाणे उडवले तेव्हा अर्जदार शेजारच्या खोलीत सुईखाली आडवा होता. थोरला दारातून डोकावून म्हणाला, "तुझ्या वाट्याला खुर्ची आली रे. नशीब एकेकाचं!" अर्जदाराने विश्वास ठेवला.

३. आपण फक्त "धावू नका" म्हणाला होतात. परंतु स्वतःमुळे विज्ञानात खोट राहू नये म्हणून अर्जदाराने जिने सोडले, काच उचलणे सोडले व तो स्टुलावर बसून नुसती काच कापू लागला. गल्लीतले कुत्रे अंगावर आले असता तो धावला नाही. उभ्या उभ्या चावून घेतले. चावा पोटरीस असल्याने मांडीच्या नमुन्यावर परिणाम झाला नसावा, ही नोंद घ्यावी. पत्नीने, "प्रयोग तुमच्यावर चाललाय की माझ्यावर?" असे विचारले. थोरला सकाळी घामाघूम होऊन दुकानासमोरून जाई तेव्हा अर्जदारास वाटे, चला, दोघांपैकी एक तरी धावतोय. मनातून बरे वाटे. हे लिहिताना आता लाज वाटते.

४. प्रयोग संपला. थोरल्याच्या मांडीत तंतूंभोवतीची जाळी नव्याने घडू लागली आहे, अर्जदाराची मात्र होती तिथेच आहे, असे आपल्या डॉक्टरीणबाईंनी रंगीत चित्र दाखवून समजावले. अर्जदाराने दोघांच्या वतीने टाळ्या वाजवल्या. त्यानंतरची पहिलीच मोठी काच गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यात फुटली. थोरल्याची ढांग वाढली होती, अर्जदाराची घटली होती. थोरला सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझं पाऊल पडेना आता." तेव्हापासून काचेचे दुसरे टोक थोरल्याचा मेहुणा धरतो. मेहुण्यास काचेतले काही कळत नाही, पण ढांग लांब आहे. अर्जदाराकडे चौकटी पुसणे आणि काच चिकटवायची लांबी मळणे एवढे काम उरले.

५. हेही त्याने गिळले असते. नशिबाचा खेळ म्हणून माणूस काय काय गिळतो. परंतु गेल्या आठवड्यात सुईच्या चिघळलेल्या जखमेवर पट्टी बांधता बांधता नर्सबाई म्हणाल्या, "अहो, नाणं तुमच्याच बाजूनं पडलं होतं की! धावायचं तुम्हीच होतात. तुमचे भाऊ साहेबांना म्हणाले, 'त्याला बसवा. त्याच्यासाठी पाऊल आखडून आखडून जन्म गेला माझा, एकदा मोकळं धावू द्या.' साहेब हसले आणि हो म्हणाले." नर्सबाईंना वाटले, अर्जदारास हे ठाऊक आहे. त्यांना रागावू नये.

महोदय, थोरला पाऊल आखडतो हे अर्जदारास ठाऊक नव्हते. जुळे असल्याने दोघांचे पाऊल आपोआपच एक पडते, असे तो समजत होता. आपण हसलात कशाला, हेही त्यास समजलेले नाही.

६. सबब मागणी अशी की, थोरल्यास तितकेच दिवस स्टुलावर बसवावे व अर्जदारास धावू द्यावे. हे नियमात बसत नसल्यास मेहुण्याच्या मांडीतून तुकडा काढावा. कारणाची गरज नाही. तेही शक्य नसल्यास दोघा भावांचे काढलेले तुकडे निदान एका बाटलीत ठेवावेत.

७. वरील सर्व मागण्या नामंजूर झाल्या तरी चालेल. अर्जदाराने थोरल्यास अजून काही विचारलेले नाही. विचारले तर तो खरे सांगून टाकेल, आणि मग एका दुकानात दोघांना बसवणार नाही. तरी आपल्या सही-शिक्क्यानिशी एवढाच दाखला मिळावा की, नाणे उडवले असता ते थोरल्याच्या बाजूने पडले. दाखला खोटा आहे हे आपणांस माहीत आहे, अर्जदारासही माहीत आहे. तो घरी आणून मी रोज वाचीन. रोज वाचला तर कधीतरी मला खरा वाटेल.

आपल्या सांगण्यावरून बसलेला,
(सही)
जुळ्यांपैकी धाकटा
सोमवार, दुकान उघडण्यापूर्वी